एका वाक्यात यवतमाळ

२० मार्च २०१४. लोकसभा निवडणुकीची धामधूम सुरू होती आणि आर्णी तालुक्यातल्या दाभडी या गावात 'चाय पे चर्चा' भरली होती. नरेंद्र मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते आणि भाजपचे पंतप्रधानपदाचे उमेदवार. समोर कापूस पिकवणारा शेतकरी. बोलणं हिंदीत झालं, पण जे लोकांच्या डोक्यात राहिलं ते इंग्रजी होतं: पाच एफ. फार्म टू फायबर, फायबर टू फॅब्रिक, फॅब्रिक टू फॅशन, फॅशन टू फॉरेन. शेतातून धागा, धाग्यातून कापड, कापडातून फॅशन आणि फॅशनमधून परदेश.

बांधणी पाहा. पाच शब्द, पाचही एकाच ध्वनीनं सुरू होणारे. एका पायरीचा शेवटचा शब्द तोच पुढच्या पायरीचा पहिला शब्द. मोरोपंतांच्या दामयमकाची सवय असलेल्या कानाला ही साखळी चटकन ओळखू येते. ऐकणारा एकेक पायरी चढत जातो आणि पाचव्या शब्दाला थेट बंदरात पोचतो. मध्ये कुठे थांबून विचारावं अशी फट वाक्यात ठेवलेलीच नाही. फॅब्रिक कुठे विणणार, कोण विणणार, त्या विणकामातला किती पैसा उलट पावली फार्मपर्यंत येणार, हे प्रश्न त्या लयीत बसत नाहीत. लयबद्ध वाक्याचं बळ ते हेच. ते पाठ होतं, कारण अडखळायला लावणारं सगळं त्यानं आधीच बाजूला काढलेलं असतं.

यवतमाळ जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर कापूस असतो, बहुतेक कोरडवाहू. तेव्हा त्या पाच शब्दांतली पहिली पायरी जरा जवळून बघायला हवी. मृगाच्या पावसावर पराटीची लागवड होते. दिवाळीच्या आसपास पहिला वेचा. त्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात, मग बाया ओटी बांधून ओळीनं शिरतात. वेचणीची मजुरी किलोवर. घरात ढीग लागतो, मग गाडीत भरून कापूस बाजार समितीत किंवा थेट जिनिंगवर. तिथे ग्रेडर मुठीत कापूस घेऊन धागा ओढून बघतो आणि ओलावा मोजायचं यंत्र ढिगात खुपसतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा चालतो. पुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात आणि १२ च्या वर माल परत. एक क्विंटल कापूस जिनमधून काढला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. १७० किलो रुईची एक गाठ. म्हणजे एका गाठीमागे जवळपास पाच क्विंटल कापूस. एवढं झालं की गाठ ट्रकवर चढते आणि बहुतेकदा जिल्ह्याबाहेर जाते. पुढच्या पायऱ्या शेतकऱ्याच्या नजरेआड. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नव्वदच्या दशकापासून डेनिमचा मोठा कारखाना उभा आहे हे खरं, पण जिल्ह्यातल्या कापसाच्या मानानं तो एकटा पडतो.

आणि या जिल्ह्याला फार्म ते फॉरेन हा प्रवास नवा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची गाडी टाकली, ती वऱ्हाडातला कापूस मुख्य लोहमार्गावर पोचवण्यासाठी. तिथून मुंबई, मुंबईहून जहाजानं इंग्लंड. पुढे तिला शकुंतला म्हणू लागले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. कापूस मँचेस्टरला आणि इंजिन मँचेस्टरहून. फायबर, फॅब्रिक, फॅशन हे मधले तीन एफ समुद्रापलीकडे होत आणि कमाईही तिकडेच राही. म्हणून पाच एफांमध्ये मला महत्त्वाचे वाटतात ते मधले तीन, आणि भाषणात सगळ्यात भरभर म्हटले जातात तेही तेच.

त्या घोषणेचं काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या पीएम मित्र योजनेत देशात सात वस्त्रोद्योग उद्यानं ठरली, त्यातलं महाराष्ट्रातलं अमरावतीला. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याहून त्याची पायाभरणी झाली आणि योजनेच्या कागदपत्रांत पाच एफ जसेच्या तसे आहेत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१३-१४ च्या हंगामात क्विंटलला ४,००० रुपये होता, २०२४-२५ ला ७,५२१. पण याच काळात बियाणं, खत, फवारणी, वेचणी यांचा खर्च कुठे गेला हे ज्यानं हिशेबाची वही ठेवली आहे त्याला विचारावं. दाभडीत उत्पादन खर्चावर ५० टक्के नफ्याचंही आश्वासन होतं. हे वाक्य अनुप्रासाचं नव्हतं, साधं होतं. दिल्लीच्या कागदात पाच एफ गेले, आणि दाभडीचा शेतकरी आजही विचारतो ते पन्नास टक्क्यांचं.

दाभडीच्या आदल्या दिवसाची तारीख या जिल्ह्यात वेगळ्या कारणानं लक्षात ठेवली जाते. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह वर्धेजवळच्या दत्तपूरला जीवन संपवलं. मागे चिठ्ठी ठेवली होती. शेतकरी आत्महत्यांच्या गणतीत राज्यात पहिली म्हणून हीच घटना धरली जाते, आणि २०१७ पासून १९ मार्चला ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. करपेंची चिठ्ठी मराठीत होती. तिच्यातलं एकही वाक्य इंग्रजी मथळ्यात गेलं नाही, कारण १९८६ मध्ये दिल्लीतलं कुणी यवतमाळकडे बघतच नव्हतं.

बघायला लागलं ते वीस वर्षांनी. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याच्या आगेमागे नागपूरच्या विमानतळावर उतरलेले देशी-विदेशी पत्रकार नागपूर-हैदराबाद महामार्गानं पांढरकवड्याकडे निघत. पांढरकवड्यातून विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी इंग्रजीत प्रसिद्धिपत्रकं काढत आणि ईमेलनं देशभरच्या वृत्तपत्रांना पाठवत: आज किती, या महिन्यात किती, या वर्षी किती. त्यांच्या आकड्यांवर, पद्धतीवर, पुढच्या राजकारणावर मतभेद झाले, होतील. पण तालुक्याच्या गावातून रोज इंग्रजीत लिहिलं तरच लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोचता येतं, हे त्यांनी इतर कुणाच्याही आधी ओळखलं. याच काळात 'सुसाइड कॅपिटल' हे दोन शब्द जिल्ह्याला चिकटले. पत्रकाराला मथळ्याला जागा थोडी असते, आणि हे दोन शब्द त्यात चपखल बसत. यवतमाळचा आहे म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न आत्महत्यांचाच विचारतो, हा इथल्या माणसाचा बाहेरगावचा नेहमीचा अनुभव आहे. टिपेश्वरचे वाघ, वणीचा कोळसा, पुसदनं राज्याला दिलेले दोन मुख्यमंत्री वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, हे सगळं त्या दोन शब्दांखाली दबलं.

त्याच वेळी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मदत देण्यासाठी सरकारी मराठीनं आपले दोन शब्द घडवले होते: पात्र आणि अपात्र. शेत नावावर होतं का, कर्ज बँकेचं किंवा सोसायटीचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. तिन्हीला हो असेल तर पात्र, एक लाख रुपये. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज असेल तर अपात्र. इंग्रजी मथळा पोचला जगभर, पण घरात मागे राहिलेल्या बाईच्या हातात पडला तो अपात्रचा कागद. म्हणून निव्वळ इंग्रजीला दोष देणं मला पटत नाही. माणसाला एका शब्दात बसवण्याची घाई मराठी कचेरीलाही तेवढीच आहे.

आता २२ जुलै २००८ कडे येऊ. भारत-अमेरिका अणुकरारावरून सरकारवर विश्वासदर्शक ठराव, लोकसभा खच्चून भरलेली. राहुल गांधी इंग्रजीत बोलायला उभे राहिले आणि मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचं नाव घेतलं. नवऱ्यानं आत्महत्या केलेली, नऊ मुलं. नवरा एकट्या कापसावर अवलंबून होता. कलावतींनी म्हशी घेतल्या, शेतात तळं खणलं, उत्पन्नाचे तीन मार्ग केले. आणि जसं कलावतींनी एकाच पिकावर विसंबणं सोडलं, तसं देशानं ऊर्जेच्या एकाच स्रोतावर विसंबू नये, म्हणून अणुऊर्जा. सभागृहात गोंधळ झाला, हशा पिकला. तरी वक्तृत्वाच्या अंगानं पाहिलं तर युक्तिवाद बिनचूक बांधलेला होता. न समजणारा करार एका बाईच्या गोठ्यातून समजावून सांगायचा, ही कल्पना चांगल्या वक्त्याचीच आहे.

फक्त त्यात कलावती अणुभट्टीसाठी उदाहरण होत्या. जळक्याच्या विहिरीला वीज किती तास येते, हा त्या भाषणाचा विषय नव्हता. नाव देशभर झालं. सुलभ इंटरनॅशनलच्या बिंदेश्वर पाठक यांनी मदत केली, पत्रकारांची रीघ लागली. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी तेच नाव पुन्हा घेतलं. राहुल गांधी जेवून गेले, पण घर, वीज, गॅस हे मोदी सरकारनं दिलं, असा त्यांचा रोख. आणि मग जे घडलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. कलावतीबाईंनी पत्रकारांसमोर स्वतः सांगितलं की आपलं दैन्य हटलं ते राहुल गांधींच्या मदतीमुळे. संसदेतल्या दोन भाषणांत ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्या बाईनं कोण बरोबर, कोण चूक, हे आपल्या अंगणातून आपल्या भाषेत सांगितलं. कुणाच्या बाजूनं सांगितलं हे मला गौण आहे. उदाहरण म्हणून वापरलेलं माणूस उलटून बोलू शकलं, हे महत्त्वाचं. बहुतेकांना ती संधी मिळत नाही. वाक्य दिल्लीत होतं, गाजतं, छापून येतं, आणि ज्याच्यावर ते बेतलं त्याच्यापर्यंत ते कधी पोचतही नाही.

पत्रकार पी. साईनाथ यांना २००७ मध्ये मॅगसेसे मिळालं, त्यात विदर्भातल्या वार्तांकनाचा वाटा मोठा. इंग्रजीत शीर्षक कसं द्यावं याचा धडा घ्यायचा तर त्यांच्याकडून घ्यावा. 'एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्रॉट' हे त्यांचं १९९६ चं पुस्तक मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' म्हणून आलं, आणि त्या शीर्षकामागची दृष्टी पलामूच्या खेड्यातली आहे. तिथे दुष्काळी मदतीला 'तीसरी फसल' म्हणतात, खरीप-रब्बीनंतरचं तिसरं पीक, जे कापतात दुसरेच. दीपा भाटिया यांनी त्यांच्यावर केलेल्या २००९ च्या माहितीपटाचं नाव 'नीरोज गेस्ट्स'. टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सम्राट नीरोनं रात्री उजेडासाठी कैद्यांना जिवंत जाळलं. साईनाथ विचारतात, नीरो वेडा होता हे ठीक, पण त्या उजेडात बागेत फिरणारे पाहुणे कोण होते? विदर्भाच्या मातीतून रोमपर्यंत जाणारा हा प्रश्न ऐकणाऱ्यालाच पाहुण्यांच्या रांगेत उभं करतो. अशा शब्दयोजनेचं मला मनापासून मोल वाटतं. ती शेतकऱ्याला नाव ठेवत नाही, वाचकाला जाब विचारते.

आणि तरीही यवतमाळवरचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं इंग्रजी पुस्तक चमकदार वाक्यांचं नाहीच. जयदीप हर्डीकर यांचं 'रामराव', २०२१ सालचं. जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं २०१४ मध्ये कीटकनाशक घेतलं आणि तो वाचला. लेखक त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच्याकडे जात राहिला. मेलेला शेतकरी बोलत नाही, म्हणून त्याच्यावर हवं ते वाक्य चिकटवता येतं. रामराव जिवंत आहे. तो अडतो, चिडतो, गप्प बसतो, पुन्हा कापूस लावतो. अशा माणसाला एका ओळीत बसवता येत नाही, आणि लेखकानं तसा प्रयत्नही केलेला नाही.

२०१८ च्या हिवाळ्याआधी यवतमाळवर आणखी एक इंग्रजी वाक्य आलं, तीनच शब्दांचं. 'लेट अवनी लिव्ह.' पांढरकवडा-राळेगाव भागातल्या जंगलात टी-१ ही वाघीण दोन बछड्यांसह फिरत होती. दोनेक वर्षांत १३ माणसं मेली, ती बहुतेक शेतावर किंवा गुरांमागे गेलेली. वनखात्याचं नाव टी-१, गावकऱ्यांसाठी नुसती वाघीण. अवनी हे नाव शहरांतल्या प्राणिप्रेमींच्या तोंडी रुजलं आणि मोबाइलवर पसरलं. नाव देताच ती कुणाची तरी लाडकी झाली. तिला पकडण्यासाठी कॅल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन' हे अत्तर वापरून बघितलं गेलं, आणि जगभरच्या इंग्रजी वृत्तपत्रांना असा मथळा वर्षातून एकदा मिळतो. वाघीण आणि अत्तर वर, तेरा माणसं खाली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. गावांत फटाके फुटले, महानगरांत मोर्चे निघाले.

तिला मारायला नको होतं, बेशुद्ध करून पकडायला हवं होतं, हे म्हणणाऱ्यांकडे कायद्याचे आणि कार्यपद्धतीचे गंभीर मुद्दे होते. मीही ते गंभीर मानतो. माझं दुखणं त्या तीन शब्दांचं आहे. त्यांच्या शेजारी ठेवायला मेलेल्या तेरा जणांकडे तीन शब्द नव्हते. कापसात वाकून वेचणाऱ्या बाईच्या पाठीमागून येणारं भय कुणी इंग्रजीत घडवलंच नाही, आणि जे घडवलं जात नाही ते शहरात पोचत नाही.

याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्याअखेर, याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडोंना दवाखान्यात न्यावं लागलं. पराटी माणसाच्या डोक्यावर वाढली होती, फवारा तोंडाच्या उंचीवर, बोंडअळीच्या भीतीनं औषधं एकत्र कालवलेली. या औषधांच्या डब्यांवरच्या इंग्रजीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला, आडव्या रेघेनं दोन त्रिकोणांत विभागलेला. खालचा त्रिकोण रंगीत: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असं वाटावं इतकं ते चिन्ह अर्धवट बोलतं. डब्यासोबत घडी घातलेला कागद असतो, अनेक भाषांत, अक्षर इतकं बारीक की उन्हात डोळे ताणूनही लागत नाही. उतारा काय, या रकान्यात काही औषधांपुढे लिहिलेलं असतं की नेमका उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावेत. हे वाक्य ठसठशीत, मोठ्या अक्षरांत, मराठीत, डब्याच्या तोंडावर लिहायला हवं. ते घडीच्या आतल्या बाजूला असतं. समोर मोठ्या अक्षरांत असतं ते औषधाचं आकर्षक इंग्रजी नाव. शब्द कसा लक्षात राहील याचं सगळं कसब विक्रीच्या बाजूला खर्च होतं आणि जीव वाचवणारं वाक्य घडीत राहतं, याचा मला राग येतो.

यवतमाळचा माणूस इंग्रजीत बोलला असं कधी झालंच नाही का? झालं, आणि फार मोठ्या जागेवरून झालं. वणीला १८८० मध्ये जन्मलेले माधव श्रीहरी अणे, लोकनायक बापूजी अणे, यवतमाळात वकिली करत. टिळकांचे अनुयायी, १० जुलै १९३० रोजी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह करणारे. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी इंग्रजीत वाद घातले, आणि संस्कृतावर त्यांचं प्रभुत्व इतकं की 'तिलकयशोर्णव' या टिळकांवरच्या संस्कृत काव्याला त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि त्यावर टीकाही झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण मांडलं, सरकार सोडायला तयार नव्हतं. तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. सोबतचं इंग्रजी निवेदन अगदी छोटं: मूलभूत वाटणाऱ्या प्रश्नावर मतभेद झाला, म्हणून आम्हाला पदावर राहता येत नाही, एवढाच आशय. अलंकार नाही, आवेश नाही. ते लक्षात राहतं, कारण त्या वाक्यासाठी तिघांनी खुर्ची मोजली होती. दिल्लीत बोललेल्या यवतमाळच्या सगळ्या इंग्रजीत मी हे निवेदन सर्वांत वर ठेवतो.

शब्दांची कसरत इथल्या मातीला नवी आहे, असंही कुणी समजू नये. भाऊसाहेब पाटणकर यवतमाळचेच. व्यवसाय वकिलीचा, नाद शिकारीचा, आणि मराठीत शायरी लिहून सभागृहं खुलवणारे. दोन ओळींत प्रेम, म्हातारपण, मरण यांची गाठ मारायची, दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती सोडायची आणि लोकांनी वाहवा म्हणून उठून उभं राहायचं, हे इथे घराघरांत पाठ होतं. बोरी अरबचे शंकर बडे वऱ्हाडीत 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग करत. चावडीवर एका वाक्यात समोरच्याला गार करणं ही वऱ्हाडी माणसाची जुनी विद्या आहे. ती रेल्वेच्या रुळांवरून बाहेर गेली नाही, एवढंच.

ती बाहेर गेली ११ जानेवारी २०१९ ला.

ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला ठरलं होतं, अध्यक्ष अरुणा ढेरे. गावात याआधीचं संमेलन १९७३ चं, माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालचं, म्हणजे साडेचार दशकांनी योग आलेला. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं. त्या इंग्रजीत लिहितात. 'रिच लाइक अस' या कादंबरीला साहित्य अकादमी मिळाली होती, आणि २०१५ मध्ये त्यांनी ती परत केली होती. वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी घराण्यातले, 'राजतरंगिणी'चा इंग्रजी अनुवाद करणारे संस्कृतज्ञ. स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगवासानं खचून १९४४ मध्ये गेले. सहगल यांनी भाषण आधीच लिहून पाठवलं होतं. मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, असा स्थानिक विरोध उठला, गोंधळाची धमकी आली, आणि संमेलनाच्या तोंडावर आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. राज ठाकरेंनी नंतर आपल्या मनसे पक्षाचा आक्षेप नसल्याचं सांगितलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. न झालेलं भाषण वृत्तपत्रांनी मराठीत छापलं आणि झालेल्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त लोकांनी वाचलं. त्यात दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश यांच्या हत्या होत्या, धोक्यात आलेलं स्वातंत्र्य होतं, लेखकानं गप्प बसू नये ही विनवणी होती. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी. वयाची नव्वदी ओलांडलेल्या बाईनं फिरवून बोलायचं सोडून दिलं होतं. ते तिच्या तोंडून यवतमाळला ऐकता आलं नाही, ही या जिल्ह्याची नामुष्की मला आजही सलते.

उद्घाटनाला मग वैशाली येडे आल्या. कळंब तालुक्यातलं राजूर हे गाव, नवऱ्यानं २०११ मध्ये आत्महत्या केलेली. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात शेतकऱ्यांच्या एकल बायकांसोबत त्या काम करत. मंडपात काही बायका सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या होत्या. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख आणि अरुणा ढेरे यांनी निमंत्रण मागे घेण्याला नाव ठेवलं. आणि वैशालीताई माइकसमोर उभ्या राहिल्या.

अडचणीच्या वेळी दिल्लीची नाही तर गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. मंडपात टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशीच्या पानांवर तोच मथळा. दिल्ली आणि गल्ली हे यमक जुनंच, पण त्या दिवशी ते जागेवर बसलं. नवऱ्याचा पुनर्जन्मावर विश्वास होता, पुढच्या जन्मी श्रीमंताघरी जन्मू म्हणून तो गेला, माझा पुनर्जन्मावर विश्वास नाही, मला याच जन्मी लढायचंय, हाही त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कोणत्याही मोठ्या वक्त्यानं ज्या वळणासाठी आठवडाभर घासावं ते वळण यात आहे: आत्महत्येचं कारण, त्यामागची आशा, आणि त्या आशेला ठाम नकार, तिन्ही दोन-तीन वाक्यांत. हे बोलणारी बाई त्या वाक्यांच्या आत राहत होती. तिच्याबद्दल दुसरं कुणी बोलत नव्हतं.

काहींनी ते गल्लीचं वाक्य सहगल यांच्यावर टोमणा म्हणून वापरलं. मला ते अन्यायाचं वाटतं, दोघींवर. एकीला बोलू दिलं नाही आणि दुसरीच्या बोलण्याचं पहिलीच्या विरुद्ध हत्यार केलं. भाषणं शेजारीशेजारी ठेवून वाचली तर दोन्ही बायका एकाच गोष्टीशी भांडताना दिसतात: आमच्या वतीनं दुसऱ्यांनी गप्प राहायचं ठरवू नये. महिनाअखेर सहगल मुंबईत आल्या, दादरच्या शिवाजी मंदिरात. वैशालीताई त्याच वर्षी यवतमाळ-वाशीममधून प्रहार पक्षाच्या उमेदवार म्हणून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्या वर्षी राजूर, जळका, दाभडीच्या जिल्हा परिषद शाळांत बसलेली पोरं आता तिशीत आहेत. काहींच्या हाती पराटी, काहींच्या हाती मोबाइल, बऱ्याच जणांच्या हाती दोन्ही. माझी एक साधी सूचना आहे, आणि ती जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांनी मनावर घ्यावी. वैशाली येडे आणि नयनतारा सहगल यांची २०१९ ची भाषणं एका पुस्तिकेत छापावीत. सहगल यांचं मूळ इंग्रजी, शेजारी मराठी. येडे यांचं मूळ मराठी, शेजारी इंग्रजी, आणि ते इंग्रजी याच जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी केलेलं. छापण्याआधी ते वैशालीताईंना वाक्यावाक्यानं समजावून द्यावं, आणि त्या जिथे म्हणतील की हे मी असं म्हटलं नव्हतं, तिथे बदलावं.